न दिलेलं लक्ष

इगतपुरीच्या धम्मगिरीला पोचल्यावर पहिलं काम फोन जमा करण्याचं. फोन, पाकीट, वही, पेन, वाचायला आणलेलं पुस्तक, सगळं जमा होतं आणि पुढचे दहा दिवस तुम्ही आणि तुमचा श्वास. रांगेत माझ्यापुढे उभा असलेला मुलगा फोन बंद करण्याआधी शेवटचं एकदा स्क्रोल करून घेत होता. मी त्याच्या खांद्यावरून बघत होतो. वाईट सवय आहे, पण कामाचा भाग आहे. लोक फोन कधी उचलतात आणि कधी खाली ठेवतात, हे बघण्याचाच मला पगार मिळतो.

सांगूनच टाकतो. मी एका शॉर्ट व्हिडिओ ॲपच्या कंपनीत सॉफ्टवेअर इंजिनियर आहे. आमची टीम नोटिफिकेशन बघते. तुमच्या फोनवर जे ‘टुंग’ होतं ते कुणाला, कधी आणि काय लिहून पाठवायचं, हे ठरवणारं मॉडेल आम्ही सांभाळतो. दोन वर्षांपूर्वीच्या जुलैत मी शिबिराला गेलो तो काही निर्वाणासाठी नाही. सलग वीस मिनिटं एक फाइल वाचता येईना, म्हणून गेलो. दुसऱ्यांचं लक्ष खेचण्याचं काम करता करता माझं स्वतःचंच लक्ष फाटून गेलं होतं, आणि ते शिवून आणायला दहा दिवस रजा टाकली होती. ह्यातला विनोद तेव्हा कळला नव्हता.

दहा दिवसांच्या ह्या शिबिराला सगळे ‘विपश्यना’ म्हणतात, पण पहिले साडेतीन दिवस विपश्यना नसतेच. ते दिवस आनापानाचे, म्हणजे नुसत्या एकाग्रतेचे. पहाटे चारला घंटा, साडेचारला ध्यान, रात्री साडेनऊला दिवे बंद, मध्ये दहा तासांहून जास्त बसणं. आधी नाकपुड्यांशी येणारा-जाणारा श्वास बघायचा. मग लक्षाची जागा लहान करत न्यायची, वरच्या ओठाच्या वर आणि नाकाखाली एवढीशी. श्वास मोठा करायचा नाही, मोजायचा नाही, कुठलं नाव घ्यायचं नाही. बोलायचं नाही, खाणाखुणाही नाहीत. चौथ्या दिवशी दुपारी विपश्यना देतात. हे आधीचे दिवस म्हणजे चाकूला धार लावणं. बौद्ध परंपरेत फक्त ह्या धारेसाठी महिनोन्‌महिने बसणारे लोकही आहेत. म्यानमारमध्ये मॉलम्याइनजवळच्या पा-ऑक विहारात आधी समाधी पक्की करून घेतात, थेट ध्यानाच्या चार अवस्थांपर्यंत, आणि मगच पुढचं शिकवतात. त्यांचा आधारग्रंथ पाचव्या शतकातल्या बुद्धघोषांचा ‘विसुद्धिमग्ग’. त्यात समाधीसाठी चाळीस विषय दिले आहेत. श्वास हा त्यातला एक.

पण ह्या सगळ्याच्या आधी, पहिल्या संध्याकाळी, पंचशील घेतलं जातं. हत्या, चोरी, कामाचार, खोटं बोलणं आणि नशा ह्या पाच गोष्टी दहा दिवस करणार नाही असं पालीत म्हणायचं. मी ते ॲप इन्स्टॉल करताना म्हणतो तसं म्हटलं. खाली स्क्रोल करायचं आणि ‘ॲग्री’ दाबायचं. दहा दिवस मौनात बसून मी कुणाचं काय चोरणार होतो?

पहिला दिवस गुडघ्यांचा आणि झोपेचा गेला. दुसऱ्या दिवशी मनाची जी अवस्था दिसली तिचं वर्णन करत नाही. बसलेल्या प्रत्येकाला ती दिसते आणि प्रत्येकाला वाटतं की इतकं वाईट फक्त आपलंच आहे. तिसऱ्या दिवशी दुपारी मात्र काहीतरी बसलं. बाहेर इगतपुरीचा पाऊस पत्र्यावर आपटत होता आणि मला तो ऐकू येत होता, तरी तो माझ्यापासून लांब होता. नाकाखालच्या त्या टीचभर जागेत श्वास आणि श्वासच. अंगावर मंद लाटा आल्यासारखं झालं. जुने ग्रंथ ज्याला पीती म्हणतात ते हेच का, कोण जाणे. तेवढ्यात मला एक गोष्ट दिसली, अगदी स्वच्छ.

मन श्वासावरून निसटतं, आपण त्याला परत आणतो. ते पुन्हा निसटतं, पुन्हा परत आणतो. दुसऱ्यांदा परत आणल्यानंतर काही क्षण असे असतात की ते सगळ्यात कच्चं असतं. पहिल्यांदा परतताना थोडी जिद्द असते. दुसऱ्यांदा नुसता थकवा असतो. तेव्हा त्याला कुणी हलकं बोट जरी लावलं, तरी ते त्या बोटामागे निघून जातं.

आणि मला आमच्या मॉडेलमधली अडचण सुटलेली दिसली. आम्ही नोटिफिकेशन घड्याळाप्रमाणे पाठवत होतो, शेवटच्या वापरानंतर इतक्या तासांनी. घड्याळ बघायची गरजच नव्हती. माणूस फोन ठेवतो, परत उचलतो, परत ठेवतो. त्या दुसऱ्या ठेवण्यानंतरची काही मिनिटं पकडायची.

इतकं सुंदर वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. शेजारचे गृहस्थ बहुधा समजले असतील की ह्याला काहीतरी मिळालं.

मिळालंच होतं. परत आल्यावर दीड आठवड्यात ते लिहिलं. लक्ष इतकं पक्कं झालं होतं की कोड हाताखाली पळत होता. अर्ध्या लोकांना जुनं मॉडेल, अर्ध्यांना नवं, अशी चाचणी लावली. नवं जिंकलं, आणि थोडक्याने नाही. वर्षाच्या शेवटी चांगलं रेटिंग मिळालं. टीममधल्या तिघांनी शिबिराची लिंक मागून घेतली. मी रोज सकाळी तासभर बसत होतो आणि ते बसणं छान चाललं होतं. ह्या काळात मनाला कसलाही काटा टोचला नाही, हे मुद्दाम नोंदवून ठेवतो. पुढे त्याचं काम आहे.

*

दिवाळीला घरी गेलो. आमचं गाव सातारा जिल्ह्यात. आण्णा एसटीत ड्रायव्हर होते, बरीच वर्षं रातराणीवर. निवृत्त झाले तरी शरीर अजून ड्युटीवरच आहे. रात्री डोळा लागत नाही, आणि पहाटे, म्हणजे गाडी आगारात लावायच्या वेळेला, लागतो. शिबिराचं मी त्यांना कौतुकाने सांगितलं होतं. ऐकून म्हणाले होते, “समोर बगत बसायचं, बोलायचं न्हाय, झोपायचं न्हाय. रातराणीवर आनी काय करत हुतो आमी?” आम्ही सगळे हसलो होतो.

त्या रात्री साडेअकराला पाणी प्यायला उठलो तर आण्णा अंधारात फोन घेऊन पडलेले. चेहऱ्यावर निळा उजेड. आमचंच ॲप.

“झोप न्हाय का, आण्णा?”

“येती रं, येती. वाईच डोळा लागाया आला की हे वाजतं. म्हंजे बग, फोन ठिवला, कूस बदलली. मग परत घेतला, वाईच बगितला, ठिवला. आन् मग बरोब्बर वाजतं. कसं कळतं रं त्याला?”

मी पाणी पिऊन झोपायला गेलो. झोपलो नाही.

*

ध्यानाबद्दल लिहिणारे बहुतेक जण गृहीत धरतात की एकाग्रता ही चांगली गोष्ट आहे. मीही धरलं होतं. पण बौद्ध अभिधम्म काही तसं म्हणत नाही. तिथे चित्ताची फोड केलेली आहे, कुठल्या चित्तात कोणकोणते घटक असतात त्याची. ‘एकग्गता’, म्हणजे एकाग्रता, ही प्रत्येक चित्तात असणाऱ्या सात घटकांपैकी एक मानली आहे. प्रत्येक म्हणजे प्रत्येक. नेम धरणाऱ्या शिकाऱ्याच्या चित्तात ती आहे, खिसा कापणाऱ्याच्या बोटांमागे आहे, आणि पत्र्यावरचा पाऊस ऐकत बसलेल्या माझ्यातही होती. ‘सति’, म्हणजे भान किंवा जागृती, मात्र त्या सातांत नाही. ती फक्त शोभन चित्तांत येते. म्हणून त्या परंपरेला ‘सम्मा समाधि’ असा शब्द लागतो, आणि त्याच्या उलट ‘मिच्छा समाधि’ असाही शब्द आहे. चुकीची समाधी. शब्द आहे म्हणजे ती गोष्ट त्यांनी पाहिलेली होती.

ह्याचं मोठं उदाहरण जपानमधलं आहे. ब्रायन व्हिक्टोरिया हे स्वतः झेन परंपरेतले. त्यांनी 1997 साली ‘झेन ॲट वॉर’ हे पुस्तक लिहिलं. दुसऱ्या महायुद्धापर्यंतच्या काळात झेनच्या नामवंत गुरूंनी आणि संस्थांनी सैन्याला कसा पाठिंबा दिला, सैनिकाने स्वतःला विसरून आज्ञेशी एकरूप कसं व्हावं ह्यासाठी ध्यानाची भाषा कशी वापरली, ते त्यात आहे. ते गुरू ढोंगी नव्हते. वर्षानुवर्षं बसलेले होते. माझी तुलना त्यांच्याशी करणं म्हणजे स्वतःला फारच मोठं करून घेणं आहे, मी तर लोकांची झोप मोडली, एवढंच. पण यंत्र तेच आहे. खोल बसता येतं, म्हणून खोल बसलेला माणूस बरोबरच असेल असं नाही.

ह्यावर परंपरेचं ठरलेलं उत्तर आहे: आधी शील, मग समाधी, मग प्रज्ञा. ‘विसुद्धिमग्गा’तली तेवीस प्रकरणं ह्याच क्रमाने लावलेली आहेत. पहिली दोन शीलाची, मग समाधी सुरू होते. (तिसऱ्या प्रकरणात ध्यानाला बसण्याआधी तोडायच्या दहा अडथळ्यांची यादी आहे. निवासस्थान, कुटुंब, लाभ, बांधकाम, प्रवास, नातेवाईक, आजारपण, पुस्तकं वगैरे. फोन नाही, पण बघायला गेलं तर हे सगळं फोनमध्येच असतं.) गोव्यातल्या साखवाळचे धर्मानंद कोसंबी ह्याच ग्रंथाच्या संपादनासाठी हार्वर्डपर्यंत गेले होते, आणि त्याच्या आधाराने त्यांनी मराठीत ‘समाधिमार्ग’ लिहिलं. आपल्या भाषेत हा क्रम शंभर वर्षांपासून लिहून ठेवलेला आहे, तो मी ॲग्री दाबून ओलांडला, एवढाच त्याचा अर्थ.

मला त्या क्रमामागचं कारण आवडलं होतं, कारण ते इंजिनियरच्या डोक्याला पटणारं आहे. सुत्तांमध्ये ती साखळी अशी येते: शील असेल तर पश्चात्ताप नसतो, पश्चात्ताप नसेल तर आनंद येतो, आनंदातून पीती, पीतीतून शरीर शांत, त्यातून सुख, आणि सुखी चित्त समाधीत जातं. म्हणजे शील ही डिपेंडन्सी आहे. ती नसेल तर पुढचं चालणारच नाही.

पण माझं चाललं की! तिसऱ्या दिवशी दुपारी चाललं, आणि नंतर चार महिने रोज सकाळी चाललं. आनंद होता, पीती होती, पश्चात्ताप शून्य होता. ह्याच जागी मी गेलं वर्षभर अडकलेलो आहे. पश्चात्ताप दोन कारणांनी नसू शकतो. एक, तुम्ही कुणाचं वाईट केलेलं नाही. दोन, केलेलं तुम्हाला दिसलेलं नाही. आणि आतून, डोळे मिटून, ह्या दोन्ही शांतता अगदी सारख्या लागतात. मी दोन्ही चाखल्या आहेत असा दावा नाही करत. पण दुसरी नक्की चाखली आहे, आणि तिच्यात खोटेपणाची चव नव्हती. जे आत दिसत नव्हतं ते बाहेरून आण्णांनी दाखवलं. तेही आरोप म्हणून नाही. त्यांना कुतूहल होतं.

*

दिवाळीनंतर पुण्याला परत आलो आणि बसणं मोडलं. साखळीने उलट्या बाजूने काम केलं म्हणायचं. बसलं की निळा उजेड दिसायचा. मग मी शीलाकडे परत गेलो आणि त्या पाचांतल्या दुसऱ्यावर अडकलो. आपण त्याला ‘चोरी’ म्हणतो, पण पाली शब्द ‘अदिन्नादान’ असा आहे. न दिलेलं घेणं. चोरीपेक्षा हा शब्द बराच रुंद आहे. त्यात कुलूप तोडावं लागत नाही.

प्रश्न असा की लोक आम्हाला त्यांचं लक्ष देतात का?

टीममधल्या मित्राला विचारलं. तो म्हणाला, “ॲप टाकताना अलाऊ दाबलंय ना त्यांनी? दिलंय की.” हे कायद्याने बरोबर आहे. पण शिबिरात बसलेल्या कुणालाही विचारा, लक्ष ‘दिलं’ जाताना त्याने किती वेळा पाहिलंय? लक्ष जातं. आपल्याला नंतर कळतं की ते गेलं. मी दहा दिवस दुसरं काही बघितलंच नाही. देणारा जागा होण्याआधीच वस्तू हातातून गेलेली असते. अलाऊ दाबणारा माणूस दुपारी दोन वाजता, चहा पिताना, शुद्धीवर होता. रात्री साडेअकराला दुसऱ्यांदा फोन ठेवणारा माणूस कायद्याने तोच आहे, पण त्याच्याकडे नाही म्हणायची ताकद तेवढीच आहे का? नाही, हे मला माहीत आहे. त्या ताकदीचा तळ कुठे असतो हे मोजूनच मी ते मॉडेल लिहिलं होतं.

मित्राचा दुसरा मुद्दा जास्त चांगला होता. भाजीवाली सकाळी ओरडते तीही न मागता लक्ष घेते. देवळाची घंटा, अजान, शाळेचा टोल. तुमच्या शिबिरातली पहाटे चारची घंटा! ती तर झोपेतूनच उठवते. मग ती चोरी नाही?

घंटेचं उत्तर सोपं आहे. जिथे जायचं म्हणून मी स्वतःच नाव नोंदवलं, तिथेच ती मला बोलावते. भाजीवालीचं अवघड आहे. मी बरेच दिवस विचार केला आणि मला एवढाच फरक सापडला: ती सगळ्या गल्लीला एकच हाक मारते. तिला माहीत नसतं की तिसऱ्या मजल्यावरची बाई कधी कंटाळलेली आहे आणि कधी रडून उठलेली. माहीत असतं, आणि ती नेमकी त्याच वेळी त्याच खिडकीखाली येऊन ओरडली असती, तर आपण तिला भाजीवाली म्हटलं नसतं. फरक हाकेत नाही, हाक मारणाऱ्याला काय ठाऊक आहे त्यात आहे. हे उत्तर पूर्ण पक्कं नाही, मान्य. चांगला शिक्षकही मुलाचा कच्चा क्षण ओळखतो आणि नेमका तेव्हाच बोलतो. तिथे आपल्याला राग येत नाही, कारण त्याला ते लक्ष मुलाकडेच परत द्यायचं असतं. आम्हाला ते जाहिरातदाराला द्यायचं असतं.

बुद्धांनी उपासकाला पाच धंदे मना केले: शस्त्रं, प्राणी, मांस, मद्य आणि विष ह्यांचा व्यापार. ही यादी वाचून आधी मला हायसं वाटलं होतं. आमचा धंदा तीत नाही. मग मी ध्यानातले पाच अडथळे, म्हणजे नीवरणं, वाचायला घेतली: वासना, द्वेष, सुस्ती, अस्वस्थता, शंका. आमच्याकडे कोणत्या मनःस्थितीत कुठला मजकूर चालतो ह्याचा एक तक्ता आहे. त्यातली नावं इंग्रजी आहेत, पण रकाने जवळजवळ हेच. ते अडथळे दूर करायला लोक इगतपुरीला येतात, आणि आम्ही त्यांच्यावर तिमाहीचं उद्दिष्ट ठरवतो.

*

सयाजी ऊ बा खिन हे गोयंकाजींचे गुरू. स्वतंत्र ब्रह्मदेशाचे अकाउंटंट जनरल होते, म्हणजे चक्क सरकारी हिशेबनीस, आणि आपल्या कार्यालयातल्या लोकांना ध्यान शिकवायचे. गोयंका 1955 साली त्यांच्याकडे गेले ते मायग्रेनसाठी, मॉर्फिनची सवय लागेल ह्या भीतीने. गुरूंनी आधी नकारच दिला. डोकेदुखी बरी करायला येणार असशील तर येऊ नकोस, असा त्याचा आशय. ही गोष्ट मी शिबिरात ऐकली तेव्हा मला गुरू जरा हट्टी वाटले होते. डोकेदुखी गेली तर काय बिघडलं? आता वाटतं की माझ्यासारख्याला तर दारातच अडवायला हवं होतं. माझं दुखणं डोकेदुखीपेक्षाही हलकं होतं. मला कामाचा वेग हवा होता.

आणि दुसऱ्या बाजूने बाबासाहेब आंबेडकर. ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ त्यांच्या निधनानंतर 1957 साली आलं. त्याच्या प्रास्ताविकात त्यांनी बुद्धविचारातल्या चार अडचणी मांडल्या, त्यातली शेवटची भिक्खूबद्दल. भिक्खू हा परिपूर्ण माणूस व्हावा म्हणून आहे की समाजाचा सेवक म्हणून? नुसताच परिपूर्ण असेल तर तो स्वार्थीच ठरतो, असं ते स्पष्ट म्हणतात. मी परिपूर्ण तर सोडाच. पण रोज सकाळचा माझा तास कुणासाठी होता, हा प्रश्न त्यांनी माझ्या जन्माच्या कितीतरी आधी विचारून ठेवलाय. आण्णांची रातराणीवरची एकाग्रता पाठीमागे झोपलेल्या माणसांसाठी होती. तिला कुणी ध्यान म्हटलं नाही, आणि आण्णांनीही नाही.

मी काय केलं ते सांगतो, फार काही नाही. रात्री अकरा ते सकाळी सहा नोटिफिकेशन बंद, असा प्रस्ताव मांडला. चाचणी झाली. आकडे पडले, जेवढे पडतील असं मला वाटलं होतं त्याहून जास्त. प्रस्ताव ‘पुढच्या तिमाहीत बघू’ ह्या फोल्डरमध्ये गेला. मी टीम बदलून मागितली. आता मी व्हिडिओ लवकर लोड व्हावा ह्यासाठी काम करतो, म्हणजे त्याच विहिरीचा दोर ओढतो, फक्त दुसऱ्या बाजूने. नोकरी सोडली नाही. गावच्या घरावर कर्ज आहे. ते कारण खरं आहे आणि सोयीचंही आहे. सकाळी पुन्हा बसायला लागलोय. पहिल्यासारखं होत नाही. ते बरं की वाईट, हेही मला आता आतून कळत नाही.

गणपतीत गावी गेलो तेव्हा आण्णांना सांगितलं. दुसऱ्यांदा फोन ठेवल्यावर वाजतं ते मीच बसवलंय, असं. मला वाटलं रागावतील. ते फोन हातात घेऊन बघत राहिले, नवीन गाडी ताब्यात मिळाल्यावर बघावं तसे.

“तू केलंयस? एवढं बरोबर वळखतंय ते?”

संध्याकाळी आरतीला आलेल्या दोघांना त्यांनी ते सांगितलंही. पोरगं मुंबईपुण्याच्या कंपनीत काय करतं, ते इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांना दाखवता येत होतं.

रात्री मी त्यांचा फोन घेतला आणि सेटिंगमध्ये जाऊन ते ॲप गप्प करायला लागलो. आण्णांनी हात पुढे करून फोन परत घेतला.

“ऱ्हाऊ दे,” म्हणाले. “तुजं हाय न्हवं.”